न बोलणाऱ्याची मातृभाषा

१

भारताच्या जनगणनेत मातृभाषेची जी व्याख्या दिलेली असते, ती भाषेच्या अभ्यासकांनी सावकाश वाचण्याजोगी आहे. २०११ च्या जनगणनेतील व्याख्येनुसार, बालपणी आई ज्या भाषेत व्यक्तीशी बोलत असे ती त्या व्यक्तीची मातृभाषा होय. आई लवकर वारली असल्यास घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा ती मानावी. याच व्याख्येत पुढे तान्ह्या मुलांचा व मूकबधिरांचा निर्देश येतो. त्यांच्या बाबतीत, आई सामान्यतः जी भाषा बोलते ती नोंदवावी, असे प्रगणकाला सांगितलेले आहे. ती व्यक्ती काय बोलते, हा प्रश्न येथे विचारलेलाच नाही. तिच्याशी कोणत्या भाषेत बोलले गेले, एवढेच विचारलेले आहे. साध्या सरकारी सूचनेत आलेला हा विचार आपल्या भाषाविषयक चर्चेत अपवादानेच आढळतो.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे ज्याला ऐकू येते, पुष्कळसे समजते, पण बोलता येत नाही असे मूल. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम अशी निरनिराळी कारणे त्यामागे असू शकतात. बधिर मुलाचा प्रश्न यापासून वेगळा ठेवला पाहिजे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, आणि बधिर मुलाची पहिली भाषा कोणती मानावी याची चर्चा त्या भाषेला वगळून करता येणार नाही. ऐकणाऱ्या पण न बोलणाऱ्या मुलाभोवती मात्र बोललेली भाषा अहोरात्र वाहत असते. ती त्याच्यात झिरपते की नाही, हाच मुद्दा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : न बोलणाऱ्या मुलालाही मातृभाषा असते. ती त्याच्यापासून काढून घेण्याचा सल्ला अनेक घरांना दिला जातो. हा सल्ला निरर्थक ठरावा यासाठी जी सामग्री लागते, ती सिद्ध करण्याचे काम केवळ वैद्यांचे नसून भारतीय भाषांच्या अभ्यासकांचेही आहे.

मराठीत न बोलण्यासाठी शब्दांची वाण नाही. अबोला धरला जातो, मौन पाळले जाते. घुम्या माणसाला बोलता येत असून तो बोलत नाही. मुखदुर्बळाला धीर होत नाही. मुका तेवढा असा, की ज्याच्या न बोलण्यात निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. अबोल्यामागचा राग आपण ओळखतो, मौनाला मान देतो, मुखदुर्बळाविषयी सहानुभूती बाळगतो. मुक्याच्या न बोलण्यामागे मात्र काहीच नसावे असे सहज गृहीत धरतो. हे गृहीत आपल्याच परंपरेला धरून नाही. भर्तृहरीने वाक्यपदीयात वैखरी, मध्यमा आणि पश्यन्ती अशी त्रयी सांगितली. तिच्यातील मध्यमा म्हणजे बुद्धीत वसणारी वाणी. तिच्यात क्रम आहे, पण तिला ध्वनी लागत नाही. बोलणे हे भाषेचे एक रूप, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. तथापि या परंपरेच्या आधारे अशा मुलांच्या मुकेपणाभोवती आध्यात्मिक वलय निर्माण करणे कटाक्षाने टाळले पाहिजे. योग्याने मौन स्वीकारलेले असते. तहान लागली असता पाणी मागता न येणे याला मौन म्हणता येणार नाही.

२

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एकनाथांनी भागवतावरील आपली टीका १५७३ साली याच नगरीत पूर्ण केली. तेथे आप्तांच्या एका घरी माझे नित्य जाणे-येणे असते. आई, वडील, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे त्या घरात आहेत. घरात मराठी, गल्लीत भोजपुरी, शाळेत हिंदी, आणि पाठीवर थाप मारून ‘गुड’ म्हणण्यापुरती इंग्रजी. मुलीला ऐकू उत्तम येते. बोलता येत नाही.

त्या घराचा दिवस पाहिला म्हणजे आकलन आणि उच्चारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुस्तकाविना कळते. आजी ओट्याकडे तोंड करून, हात न हलवता, “चला, तोंड धुवायचंय ना?” असे म्हणते आणि मुलगी न्हाणीघराकडे जाते. ताटे मांडण्याचे काम तिचे. रोज ती पाच ताटे मांडते. “आज पाहुणे यायचेत” असे सकाळी कानावर पडले असेल तर रात्री सहावे ताट मांडलेले असते. मटार सोलताना दाणे वाटीत आणि सालपटे टोपलीत टाकणे, धुतलेले चमचे लहान-मोठे वेगळे करणे, पोळ्यांच्या चळतीतून प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन वाढणे, अशा कामांतून तिचे गणित चालते. शाळेत ज्याला रोटी म्हणतात आणि घरी ज्याला पोळी, त्या तिच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. डब्यातली रोटी ती शाळेतच खाते. घरी परत आलेल्या डब्यातली रोटी ताटात वाढली तर ती बाजूला सारते.

तिची स्वतःची चिन्हेही आहेत. वडिलांची चप्पल उचलून उंबऱ्याशी ठेवणे म्हणजे बाहेर जाऊ या. आईचे मनगट धरून माठाशी नेणे म्हणजे पाणी. वाटी उपडी घालणे म्हणजे पुरे. ‘अं’ हा एकच स्वर ती दोन प्रकारे काढते : खाली उतरणारा समाधानाचा, वर चढत ताणला जाणारा असह्यतेचा, हा दुसरा ऐकला की घरात मिक्सर बंद केला जातो. या चिन्हांना भाषा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती मोजकी आहेत, त्यांची एकमेकांशी जुळणी होत नाही, आणि उंबऱ्याबाहेर ती कोणाला कळत नाहीत. पण ती मराठी बोलणाऱ्या घरात, मराठी वाक्यांना उत्तर म्हणून निर्माण झाली आहेत. सहावे ताट हे ‘पाहुणे’ या शब्दाला दिलेले उत्तर आहे.

या कुटुंबाला एका वाचोपचारकेंद्रात सल्ला मिळाला : मुलीवर दोन भाषांचा भार नको, घरात केवळ शाळेचीच भाषा बोला. आईवडिलांनी तो काही महिने निष्ठेने पाळला. आईची हिंदी चांगली आहे, पण ती बाजारात आणि शेजारी घडलेली हिंदी. मुलीशी बोलताना त्या हिंदीतून आज्ञार्थ तेवढे निघत : उठो, बैठो, खाओ, छोड़ो. भूर जाणे, गाई करणे, मंमं हे शब्द गेले. चिऊ-काऊचे घास गेले. कामे करता करता कोणाला तरी उद्देशून चाललेली आजीची बडबड थांबली. घरात भाषा पूर्वीइतकीच होती, फक्त मुलीच्या वाट्याची उरली नव्हती. मोठी माणसे आपसात मराठीत बोलत आणि तिच्याकडे वळताच भाषा बदलून दोन शब्दांवर येत. अखेर आजीनेच हा प्रकार मोडला. “तिला बोलता येत नाही, म्हणून मी का मुकी होऊ?” असे तिने विचारले, आणि त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

३

असा सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या मुलाला एक भाषा जड जाते त्याच्यापुढे दोन ठेवू नयेत, हा तर्क वरवर सयुक्तिक वाटतो. पण तो तपासून पाहण्यात आलेला आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांविषयी एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही मुले इंग्रजीच्या बाबतीत एकभाषिक समदुःखी मुलांच्या मागे पडल्याचे आढळले नाही. स्वमग्न मुलांविषयी हॅम्ब्ली आणि फोंबॉन यांनी २०१२ साली जो अभ्यास मांडला त्याचाही निष्कर्ष तसाच आहे : दोन भाषांच्या सहवासाने भाषाविकासात अधिकचा विलंब होतो असे दिसत नाही. दोन भाषांमुळे मूल बोलू लागते, असा या अभ्यासांचा दावा नाही, आणि कोणी तसा करूही नये. त्यांच्यावरून एवढेच म्हणता येते, की घरची भाषा बंद करण्यास जे कारण दिले जाते त्याला आधार सापडलेला नाही.

शिवाय हा सल्ला ज्या समाजात एकभाषिक घर स्वाभाविक मानले जाते तेथील कल्पनेवर उभा आहे. भारतात, विशेषतः आपल्या भाषाप्रांताबाहेर राहणाऱ्या कुटुंबात, एका भाषेचे घर ही कृत्रिम रचना होय. तेथे भाषा कमी केली म्हणजे प्रत्यक्षात माणसे कमी होतात. आजी कमी होते, गावाहून आलेली आत्या कमी होते, दूरध्वनीवरचा मामा कमी होतो. जे मूल स्वतः होऊन कोणापाशी जात नाही, त्याच्यापाशी येणाऱ्यांची संख्या घटवणे हा कोणत्याही अर्थाने उपचार ठरत नाही.

आपले कायदे या ठिकाणी साहाय्यास यावेत; पण त्यांच्यात एक विचित्र फारकत आढळते. संविधानात १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार करते. दुसऱ्या बाजूस, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने संवादाची व्याख्या विस्तृत केली आणि ज्यांना बोलणे कठीण जाते त्यांच्यासाठी पूरक व पर्यायी संवादसाधनांना उत्तेजन देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. तथापि ते साधन कोणत्या भाषेत असावे, हे त्या कलमात आलेले नाही. मातृभाषेचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बोलणारे मूल असते. अपंगत्वाचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संवादाचे साधन असते, पण त्या साधनाची भाषा नसते. काशीतील ती मुलगी या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत राहते.

४

या मोकळ्या जागेत भाषा-अभ्यासकाला करण्याजोगे काम किती आहे, हे एका साध्या वस्तूवरून दाखवता येईल. ती वस्तू म्हणजे चित्रफलक. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ साली मांडलेली चिन्हलिपी १९७१ मध्ये टोरांटो येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी प्रथम वापरण्यात आली. चित्रे हाती देऊन मागणे शिकवण्याची पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी सुरू केली. आता ही साधने संगणकीय पाटीवर आली आहेत. आपल्याकडेही चेन्नईत ‘आवाज’ आणि मुंबईच्या आय.आय.टी.त ‘जेलो’ अशी साधने घडली. त्यांपैकी ‘जेलो’ मराठीतही उपलब्ध आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. पण घरोघर आणि शाळाशाळांतून जे फलक प्रत्यक्ष दिसतात ते बहुधा इंग्रजी फलकावरील शब्द एकेक करून बदलून तयार केलेले असतात, आणि तेथेच व्याकरण आडवे येते.

इंग्रजी फलकाच्या डाव्या कोपऱ्यात ‘मी’ असतो. त्यापुढे हवे असणे, आवडणे, जाणे ही चित्रे लावली की वाक्य होते. मराठीत हा ‘मी’ फार थोडी कामे करतो. हवे असते ते ‘मला’, आवडते ते ‘मला’, भूक लागते तीही ‘मला’. न बोलणाऱ्या मुलाची बहुतेक वाक्ये याच जातीची असतात. तेव्हा मराठी फलकाच्या पहिल्या घरात ‘मला’ असले पाहिजे. ‘मी’ मागाहून येईल. ज्या मुलाला ‘मी हवे’ असे जुळवायला शिकवले जाते, त्याने आजवर कानांनी जमवलेली मराठी त्याच्याच बोटांनी मोडली जाते.

नकाराचे पाहा. नसणे सांगणारे ‘नाही’, इच्छा नसल्याचे सांगणारे ‘नको’, आणि ‘हे ते नव्हे’ असे सांगणारे ‘नव्हे’ अशी तीन कामे मराठीने तीन शब्दांना वाटून दिली आहेत. बोलीत आज ‘नाही’ने ‘नव्हे’ची जागा पुष्कळशी घेतली आहे, ही गोष्ट वेगळी. यांपैकी ‘नको’ हा शब्द मराठीचा खास आहे. हिंदीला त्यासाठी दोन शब्द लागतात, आणि दख्खनीने तर तो आपल्याकडून ‘नक्को’ म्हणून उचलला. न बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा भाषेतील सर्वांत मोलाचा शब्द होय. कारण त्याच्या वाट्याला येणारे दुःख बरेचसे नको ते निमूटपणे सोसण्याचे असते. काशीतील घरात फलक आला तेव्हा आईने पहिले चित्र ‘नको’चे केले. मुलीने ते आजीच्या हातातील दुधाच्या पेल्याला लावले आणि आजीने पेला मागे घेतला. दूध पौष्टिक असते हे त्या दिवशी कोणी तिला समजावले नाही. पहिल्याच ‘नको’चा मान राहिला नसता, तर दुसऱ्यांदा ते चित्र उचलण्याचे तिला काही प्रयोजन राहिले नसते.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेदही असाच. ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन बहुवचनी प्रथमपुरुष मराठीत आहेत. हिंदीचा ‘हम’ आणि इंग्रजीतला त्याचा प्रतिशब्द हा भेद करत नाहीत. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांत मुलीला बरोबर नेण्याचा किंवा घरी ठेवण्याचा फरक आहे, आणि चप्पल उचलावी की नाही हे ती त्यावरूनच ठरवते. नात्यांच्या शब्दांत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना एका चित्रात कोंबता येत नाही. क्रियापदाला लिंग असल्यामुळे मुलीच्या हातातील यंत्र ‘मी जातो’ म्हणू लागले तर तो तिचा आवाज राहत नाही. कोल्हापूरकडील मुली मात्र स्वतःविषयी ‘आलो’, ‘गेलो’ असेच म्हणतात, तेव्हा तेथे ‘आले’ परके ठरेल. म्हणजे प्रमाणभाषेचा एक फलक करून भागणार नाही. बोलींचा विचार करावा लागेल. हे सारे ज्ञान आपल्या व्याकरणांत आणि बोलींच्या अभ्यासांत विखुरलेले आहे. त्याचा असा उपयोग होऊ शकतो, हे मात्र आपल्या लक्षात आलेले नाही.

५

येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जे मूल बोलत नाही त्याच्या वतीने घरची माणसे अर्थ लावतात. तो अर्थ मुलाचा कशावरून? ही भीती निराधार नाही. हाताला आधार देऊन टंकलेखन करवून घेण्याची एक पद्धत १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात निघाली आणि पुढे अमेरिकेत गाजली. १९९०च्या दशकातील नियंत्रित चाचण्यांत असे दिसून आले, की उमटणारे शब्द मदतनिसाचे होते. अनेक कुटुंबांना त्यामुळे अपार मनस्ताप झाला.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. टीका आणि प्रक्षेप यांतील सीमारेषा सांभाळणे हा त्याचा व्यवसायच होय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती, प्रेमापोटी वा अनवधानाने शिरलेले पाठ मूळ पाठापासून वेगळे काढण्यासाठी. प्रेमाने केलेला प्रक्षेप हाही प्रक्षेपच असतो, हे त्यांनी जाणले होते. न बोलणाऱ्या मुलाची आई ही त्याची टीकाकार आहे. तिने अर्थ लावणे अपरिहार्य आहे, कारण तिने तो लावला नाही तर दुसरे कोणी लावणारे नाही. आपण लावलेला अर्थ आणि मुलाची कृती यांत अंतर राखणे मात्र तिच्या हाती आहे.

काशीतील त्या घरी याकरिता एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत : मुलीने काय केले, आम्हांला काय वाटले, त्यानंतर काय झाले. पहिल्या रकान्यात ‘रागावली’ असे लिहायचे नाही; ‘वाटी ढकलली, कानांवर हात ठेवले’ असे लिहायचे. ही वही चाळताना महानुभावांच्या गोविंदप्रभुचरित्राची आठवण होते. लोक ज्यांना वेडे समजत अशा त्या सत्पुरुषाचे वागणे त्यांच्या अनुयायांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या निष्ठेने नोंदवून ठेवले : कोणाच्या घरी गेले, काय खाल्ले, काय केले. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी न कळणाऱ्या माणसाच्या कृतीला आधी जशीच्या तशी नोंद देण्याची ती पद्धत मराठी गद्याच्या आरंभीच आपल्याला लाभलेली आहे. अशा शेकडो वह्या घरोघर असतील. भाषाशिक्षणाच्या किंवा भाषाविज्ञानाच्या कोणत्याही विभागाने त्या मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

६

कोणी म्हणेल, की अखेर या मुलीला हिंदी भाषकांतच वावरायचे आहे. मग मराठीचा हा आग्रह कशासाठी? तिला हिंदीही मिळालीच पाहिजे. शाळेच्या फलकावर हिंदी असावी. एकाच चित्राखाली दोन शब्द देवनागरीत छापता येतात, आणि ती शिक्षकांची व घराची दोघांचीही सोय होईल. माझा आग्रह शाळेची भाषा घराच्या भाषेच्या जागी बसवू नये, एवढाच आहे.

याकरिता भारतीय भाषांच्या विभागांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. पहिले, प्रत्येक भाषेतील दैनंदिन बोलण्यात वारंवार येणाऱ्या गाभ्याच्या शब्दांची, त्यांच्या विभक्तिरूपांसह, सूची करणे. ही सूची कोशातून न काढता घरातील बोलणे ऐकून करावी लागेल, आणि तिच्यात ‘पुरे’, ‘अजून’, ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’ हे शब्द फळाफुलांच्या नावांआधी येतील. दुसरे, वाचोपचाराचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ते ज्या प्रदेशात काम करणार तेथील भाषांच्या रचनेची ओळख करून देणे. म्हणजे घरची भाषा बंद करा असे सांगण्यापूर्वी ती भाषा काय करते हे त्यांना ठाऊक असेल. तिसरे, भाषाप्रांताबाहेर राहणाऱ्या कुटुंबांतील अशा मुलांच्या भाषानुभवाचा अभ्यास करणे. कलकत्त्यातील तमिळ, इंदूरमधील मराठी, दिल्लीतील मलयाळी अशा घरांतून हा प्रश्न सारखाच उभा आहे, आणि अनेक भाषांचे अभ्यासक जेथे एकत्र असतात अशा विद्यापीठांखेरीज त्याचा एकत्र विचार दुसरीकडे होण्याचा संभव कमी.

यांपैकी पहिल्या कामाला निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एम.ए.च्या वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी एक आठवडा कान उघडे ठेवून टिपणे केली, तरी मराठीची प्राथमिक सूची एका सत्रात तयार होईल. ती चुका दुरुस्त करीत वाढवता येईल, आणि दरम्यान कोणत्या तरी घरी भिंतीवर लागून वापरातही येईल.